यंत्र पाय उचलतं तेव्हा आपण काय करायचं

मला डी-५ला, म्हणजे छातीच्या पाचव्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूची अपूर्ण इजा आहे. अपूर्ण म्हणजे इजेच्या खाली सगळंच गेलेलं नाही; माझ्यात थोडी संवेदना आणि थोडी हालचाल शिल्लक आहे. मी ज्या यंत्रावर चालायचा सराव करते ते लोकोमॅट नावाच्या रोबोटसारखं: वरून हार्नेसने अंग तोललेलं, खाली ट्रेडमिल आणि दोन्ही पायांना बांधलेले यांत्रिक पाय. अंगावर चढवून कुबड्यांनी जमिनीवर चालायचे एक्सोस्केलेटन वेगळे. त्यांना हातांत बराच जोर लागतो.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हाडांची घनता तपासून घ्या. पायांवर वजन पडत नसलं की मांडीचं हाड आणि गुडघ्याजवळची हाडं विरळ होतात, आणि यंत्राला ते कळत नाही. उभं केल्यावर बीपी पडत असेल, तर आधी टिल्ट टेबलवर, म्हणजे झोपवून हळूहळू उभं करणाऱ्या टेबलावर, उभं राहायची सवय करा.

आता त्वचा. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नडगीवरच्या पट्ट्याखाली मोज्याची एक चुणी राहून गेली. मला काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी तिथे नाण्याएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. दोन आठवडे सराव बंद. तेव्हापासून प्रत्येक पट्ट्याखालचं कापड मी स्वतः हाताने सपाट करते आणि उतरल्यावर आरशाने नडग्या, टाचा, जांघा बघते. अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी यंत्रावर चढायचं नाही.

लघवीची पिशवी किंवा मूत्राशय रिकामं करूनच बांधून घ्या. इजा डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर हे फार महत्त्वाचं. भरलेलं मूत्राशय, दुमडलेली नळी किंवा आवळलेला पट्टा एवढ्यानेही बीपी एकदम चढू शकतं. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वर घाम फुटला तर लगेच थांबायला सांगा. उतरवून ताठ बसवायचं, पट्टे सैल करायचे, नळी बघायची, बीपी मोजायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. माझं वरचं बीपी एरवी ९५च्या आसपास असतं. त्यामुळे १३० हा आकडा इतरांना साधा वाटला तरी माझ्यासाठी धोक्याचा. तुमचा नेहमीचा आकडा थेरपिस्टना आधीच सांगून ठेवा.

आणि आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला यंत्राचं मार्गदर्शन, म्हणजे पाय हलवण्यातला त्याचा वाटा, शंभर टक्के असतं. समोरच्या आरशात आपले पाय चालताना दिसतात आणि डोळे भरून येतात. माझेही आले. पण त्या दिवसांत मी जवळजवळ काहीच करत नव्हते, सगळं यंत्र करत होतं. थेरपिस्टनी मार्गदर्शन ६०वर आणलं आणि माझा डावा पंजा घासायला लागला. माझं स्वतःचं काम तिथून सुरू झालं.

मांडी मागे जाते आणि तळव्यावर भार पडतो, तेव्हा मज्जारज्जूला पुढच्या पावलाची सूचना मिळते. म्हणून हार्नेसला लटकू नका. मी निम्मं वजन हार्नेसवर ठेवून सुरुवात केली, हळूहळू ३० टक्क्यांवर आणलं. टाच सुटायच्या क्षणी मी मनात ‘उचल’ म्हणते आणि मांडीला खरोखर जोर लावते. भार, वेग, मार्गदर्शन यांतलं एका वेळी एकच बदलायला सांगा, नाहीतर कशामुळे गुडघा दुमडला ते कळत नाही. गुडघा दुमडायला लागला की एक पायरी मागे यायचं. त्यात कमीपणा नाही.

पूर्ण इजा असेल तर यंत्रावरच्या सरावाने चालणं परत येईल अशी आशा कुणी लावली, तर तिथे थेट प्रश्न विचारा. आणि तुमच्या केंद्रात हे यंत्र नसेल तर खचू नका. थेरपिस्टनी हातांनी पाय धरून करून घेतलेल्या सरावापेक्षा रोबोट सरस आहे, असं सिद्ध झालेलं नाही. माणसं दमतात, यंत्र दमत नाही आणि एका सत्रात शेकडो पावलं पडतात, हा त्याचा खरा फायदा.

उतरल्यावर व्हीलचेअरमध्ये टेकून बसावंसं वाटतं. मी पाणी पिते, बीपी बघते आणि लगेच पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, उभी राहते. पाय जागे असतात तोवर प्रत्येक पायाची दहा पावलं, यंत्राशिवाय. डावा पंजा किती वेळा घासला ते थेरपिस्ट वहीत लिहितात. काल चार वेळा घासला, मागच्या महिन्यात दहाही वेळा.