जिना ओतायच्या आधी टेप काढा: पायऱ्या, रेलिंग आणि नियम

जिना म्हटलं की मिस्त्री म्हणतो सहा-साडेसहा इंचाची पायरी मारू, होऊन जाईल. पण नियम जागेप्रमाणे बदलतात हो. भारताच्या नॅशनल बिल्डिंग कोडमधे घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त 190 मिमी उंच आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी 250 मिमी, इंग्लंडमधे घरगुती जिन्याला उंची 220 पर्यंत चालते आणि जागा पण 220 पुरते. म्हणून आधी तुमच्या इथल्या बांधकाम विभागातून चालू नियम घ्या, नेटवरचा कुठलातरी आकडा पकडू नका, आणि नकाशात जिन्याचा सेक्शन (उभा छेद) काढूनच मंजुरीला द्या.

आता हिशोब. खालच्या लादीपासून वरच्या लादीपर्यंत उंची मोजा, समजा 3000 मिमी आली. 190 ने भागा, 15.79 येतं, म्हणजे 16 चढ (पायरीच्या उभ्या उंच्या) घ्या, एकेक 187.5 चा. पाय ठेवायच्या जागा एक कमी, 15, म्हणजे 250 च्या हिशोबाने सरळ जिन्याला 3750 मिमी लांबी पाहिजे, मधे लँडिंग (सपाट टप्पा) असेल तर ते वेगळं. बसत नसेल तर वळण घ्या, पायरी उंच करून जागा वाचवू नका.

खरी गडबड होते ती लादीमुळे. स्लॅबवर मसाला धरून 50 मिमी चढतात आणि पायऱ्यांवर 20 च, की झालं, पहिली पायरी 157.5 ची होते, सगळ्यात वरची 217.5 ची आणि मधल्या सगळ्या बरोबर!! पायाला एकदा लय लागली की तो पुढची पायरी बघत नाही, तिथेच माणूस अडखळतो. उपाय सोपा आहे, शटरिंग (काँक्रीटचा साचा) करतानाच कच्ची, म्हणजे लादी बसायच्या आधीची, पहिली पायरी 30 मिमी जास्त उंच आणि शेवटची 30 ने कमी ठेवायची. हे मिस्त्रीला तोंडी सांगून उपयोग नाही, भिंतीवर खुणा मारून द्या.

डोक्यावरची उंची पण बघा, बीम मधे येतो आणि कळतं उशिरा.

रेलिंगची उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर मोजतात, इंग्लंडमधे 900 ते 1000 मिमी. उभ्या बारमधून 100 मिमीचा चेंडू जाता कामा नये, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. आडवे पाइप दिसायला भारी, पण पोरांसाठी ती शिडीच. वरचा पाइप गोल आणि मुठीत मावेल असा, साधारण 32 ते 50 मिमी, भिंतीपासून 40 मिमी लांब ठेवा म्हणजे बोटं घासत नाहीत, आणि टोक भिंतीकडे वळवून घ्या नाहीतर पिशवीचा बंद अडकतो. खांब नुसत्या लादीत स्क्रू मारून बसवू नका, काँक्रीटमधे अँकर (पकड धरणारा बोल्ट) गेला पाहिजे, मग अंगाचा सगळा भार टाकून हलवून बघा आणि जरा जरी डुगडुगलं तरी फॅब्रिकेटरचं शेवटचं पेमेंट थांबवा.