पाट करा, पण लाकडाला हलायला जागा ठेवा

घरच्या घरी सुतारकाम सुरू करायचं तर पहिली वस्तू कोणती, असं कुणी विचारलं की मी पाट सांगते. वर दोन-तीन फळ्या, खाली दोन आडव्या पट्ट्या, संपलं. सगळी मेख त्या पट्ट्यांत आहे. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत जिवतीपासून गौरी-गणपतीपर्यंत वापरले जाणारे पाट मधोमध तडकलेले दिसतात, आणि दोष दिला जातो लाकडाला. लाकूड बहुतेक वेळा उत्तम असतं. त्याला चहूबाजूंनी जखडलेलं असतं, म्हणून ते तडकतं.

लाकूड लांबीला जवळपास बदलत नाही, रुंदीला मात्र हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं. आपल्या माळव्यात मे महिन्यात पारा 40 अंशांवर आणि हवा कोरडी ठाक. जुलै-ऑगस्टात तीच हवा ओलीचिंब. तेवढ्यात फळीतल्या ओलाव्यात पाचेक टक्क्यांचा फरक पडला, तर 15 इंच रुंदीचा सागवानी पाट साधारण एक सूत कमी-जास्त होतो. (एका इंचाची आठ सुतं, म्हणजे सूत सुमारे 3 मिलिमीटर.) फळीच्या टोकाकडून बघितल्यावर वलयं आडवी पसरलेली दिसली तर हा फरक जास्त, उभी दिसली तर जवळजवळ निम्मा. खालची पट्टी पाटाला आडवी असते. तिची लांबी तेवढीच राहते. वरची फळी आकसू बघते, खालची पट्टी तिला सोडत नाही, आणि एक दिवस उन्हाळ्याच्या दुपारी ‘टक्’ असा आवाज येतो.

लाकूड जुनं सागवानी मिळालं तर सोडू नका. राजवाड्याच्या आसपासची, जुन्या इंदूरची घरं पाडतात तेव्हा दारं, चौकटी, फडताळांच्या फळ्या भंगारवाल्यांकडे येतात. पांढुरका कडेचा भाग टाळा, त्याला कीड लागते. गडद सोनेरी गाभ्याची फळी घ्या. रंधा लावण्याआधी लोहचुंबक सगळीकडून फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला असेल तर रंध्याच्या पात्याला दात पडतो आणि तो घासून काढण्यात संध्याकाळ जाते. दारावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा पॉलिशपेपर मारून उडवायचा नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. रंग ओला करून खरवडा, मास्क लावा, पोरंबाळं दूर ठेवा, खरवड गोळा करून पिशवीत बांधा. ही खबरदारी मी कुणालाही वगळू देत नाही.

आता धार. आमच्या रविवारच्या मंडळींत यावरून दर वेळी जुंपते. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणतात, “आधी कामाला लागा हो, धार काय, होत राहील.” आमच्यातले दातांचे डॉक्टर लगेच, “काका, तुमच्या पटाशीनं मी दाढसुद्धा उपटणार नाही!” (पटाशी म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी.) मी डॉक्टरांच्या बाजूची. बोथट रंधा लाकूड कापत नाही, उचकटतो. मग माणूस जोर लावतो, हात घसरतो आणि बोट कापतं. सागवानात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे पातं इतर लाकडापेक्षा लवकर बोथट होतं. एका पाटाच्या कामात दोनदा-तीनदा धार लावायची तयारी ठेवा.

सियागंजात दोन तोंडांची पथरी मिळते, एक बाजू जाड, एक बारीक. पात्याचा उतार 25 अंशांचा असतो, शेवटची धार 30 च्या आसपास लावायची. म्हणजे उतार पथरीवर पूर्ण टेकवायचा आणि मग पात्याची मागची बाजू किंचित वर उचलायची. पथरीवर तेलाचे थेंब टाका, पातं पुढे-मागे न डुलवता सरळ न्या. काही वेळानं पात्याच्या सपाट बाजूनं बोट बाहेरच्या दिशेनं ओढा (धारेच्या रेषेत कधीच नाही): एक बारीक खरखरीत कड बोटाला अडते. ती टोकापासून टोकापर्यंत लागली पाहिजे. मध्येच लागत नसेल तर तिथे धार पोचलेलीच नाही. मग बारीक बाजूवर तेच करा, आणि शेवटी पातं उलटं करून अगदी सपाट ठेवून कड पुसून काढा. पात्याची ही पाठ सपाट नसेल तर उतारावर कितीही घासा, धार येत नाही. परीक्षा सोपी आहे: सागाच्या टोकावर, जिथे लाकडाच्या रेषा (तंतू) उभ्या असतात, तिथे पटाशी नुसती ढकलून बघा. चकचकीत कापलं तर झालं. भुरभुर पडली तर परत पथरीवर.

फळ्यांच्या कडा जुळवताना एक युक्ती आहे, ती शिकाच. शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटा, दोन्ही कडा वर येतील अशा एकत्र आवळा आणि दोन्हींवर एकदमच रंधा मारा. रंधा थोडा तिरका धरला गेला तरी फळ्या उघडल्यावर एकीचा तिरकेपणा दुसरीत जिरतो, पृष्ठभाग सपाटच बसतो. मग उजेडासमोर धरा. फटीतून उजेड येतो तिथे कड खोल गेली आहे. ती सोडून बाकीच्या उंचवट्यावर रंधा हलकेच फिरवा. रेषेच्या उलट गेलात तर पापुद्रा उचकटेल, तेव्हा फळी फिरवून घ्या.

सागवान तेलकट असतं. रंधलेली कड तासन्‌तास ठेवून चिकटवली तर सांधा कच्चा राहतो. चिकटवायच्या आधी कड स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, सुकू द्या आणि लगेच फेविकॉल लावा. पाटावर अभिषेक होणार असेल, पाणी सांडणार असेल, तर फेविकॉल मरीन घ्या. मोठे क्लॅम्प नसले तरी अडत नाही: एका जाड फळीवर दोन बाजूंना पट्ट्या ठोका, मध्ये पाट ठेवा आणि उरलेल्या जागेत पाचरीची जोडी समोरासमोरून हातोडीनं सरकवा. छान आवळतं. एक दिवस हात लावू नका. काका दुपारी पोहे-जिलबी झाल्यावर क्लॅम्प सोडायला निघतात, त्यांना अडवावं लागतं.

आता खालच्या पट्ट्या. पट्टी दीड इंच रुंद, इंचभर जाड पुरे. प्रत्येक पट्टीला तीन भोकं पाडायची. मधलं भोक स्क्रूच्या जाडीचं, घट्ट. कडेची दोन मात्र लांबट: आधी दोन भोकं शेजारी-शेजारी पाडा आणि मधलं लाकूड पटाशीनं काढा, म्हणजे स्क्रूला एक सूत इकडेतिकडे सरकायला जागा मिळते. लांबटपणा पट्टीच्या लांबीच्या दिशेनं हवा, कारण पाट रुंदीला हलतो आणि पट्टी त्याच दिशेनं आडवी पडलेली असते. फेविकॉल फक्त मधल्या इंचभर जागेत. कडेला थेंबही नको! कडेच्या स्क्रूखाली वॉशर घाला आणि इतकंच पिळा, की पट्टी टेकेल, पण आवळली जाणार नाही. पाट मग मधून दोन्हीकडे अर्धा-अर्धा सूत हलतो, पट्टीला पत्ताही लागत नाही.

यावर काकांचा ठरलेला आक्षेप, “सगळीकडे फेविकॉल लावला तर पक्कं नाही का होणार?” पक्कं होतं ना, म्हणूनच तडकतं. डॉक्टर तर त्यांना म्हणाले, “भिया, सांध्याला हाडाचा तुकडा करू नका, गुडघा वाकला पाहिजे.” काकांनी या वेळी पट्टीची भोकं लांबट पाडली.

पितळी स्क्रू वापरायचे असतील तर सागवानात ते मऊ पडतात, पिळताना डोकं तुटतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडा, काढा, पितळी स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावून तो फिरवा.

पॉलिशपेपर आधी 120 नंबरचा आणि मग 220 चा, रेषेच्या दिशेनं. लाकडाचा भुसा फुप्फुसांना चांगला नाही, मास्क असू द्या. माझी पसंती जवसाच्या तेलाला, आणि तेही रंगाच्या दुकानातलं उकळलेलं. खाण्याचं तेल आठवडे-आठवडे चिकट राहतं. पातळ हात द्या, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार हात पुरतात. तेल खालच्या बाजूलाही तेवढंच लावायचं, नाहीतर वरची आणि खालची बाजू वेगवेगळी हवा पितात आणि पाट वाकतो.

तेलानं माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी एकेक पसरून दोरीवर बाहेर वाळवा, कडक झाली की टाका. किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.