बॅगेत स्वेटर कोंबू नका: इंग्लंडमधले शनिवार-रविवार आणि स्वस्तातले कपडे

लेकीकडे किंवा मुलाकडे इंग्लंडला निघाला असाल तर बॅगेत स्वेटर कोंबू नका. त्या जागेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला न्या. दुधाची मिठाई मात्र नको, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. गरम कपडे तिथे जाऊनच घ्यायचे. लक्ष्मी रोडवर दुकानदार कितीही शपथा घेवो, पुण्याच्या डिसेंबरसाठी विणलेला स्वेटर तिथल्या वाऱ्यापुढे टिकत नाही.

आमची लेक रेडिंगला असते. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपासून गाडीने साधारण अर्धा तास. आमचे हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, यंत्र दिसलं की थांबणारे. मी शनिवार पेठेत वाढलेली, कापड दिसलं की थांबणारी. त्यामुळे आमच्या घरात फिरणं आणि खरेदी असे दोन वेगळे दिवस ठरले असते, तर एक दिवस यांचं तोंड वाकडं आणि दुसऱ्या दिवशी माझं. म्हणून एकाच गावात दोघांची सोय होईल असा बेत करायचा. खाली लिहिलंय ते सगळं त्याच हिशेबाने.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुळशीबागेत आपली जीभ कामाला येते, तिथे कॅलेंडर येतं. दुकानात छापील किमतीतून एक पेनी सुटत नाही. 'दोन घेते, कितीला देणार?' असं विचारलंत तर मुलगी गोड हसते आणि तीच किंमत पुन्हा सांगते. पण हंगाम संपत आला की तीच वस्तू आपोआप खाली येते. उन्हाळी कपड्यांचा सेल जून-जुलैत लागतो. हिवाळ्याचा २६ डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला सुरू होतो आणि जानेवारीभर रेंगाळतो. कोट घ्यायचा तर जानेवारीच्या शेवटी बघा. माप मिळण्याची शाश्वती कमी, पण भाव उतरलेला असतो.

आता वार. १९९४ च्या कायद्याने इंग्लंडमधली मोठी दुकानं, म्हणजे २८० चौरस मीटरपेक्षा मोठी, रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यांच्या मधले फक्त सहा तास विक्री करू शकतात. बहुतेक ठिकाणी ११ ते ५. काही दुकानं अर्धा तास आधी दार उघडतात, तेव्हा नुसतं बघता येतं, पैसे ११ लाच घेतात. हा अर्धा तास सोन्याचा आहे. गर्दी यायच्या आत सगळे रॅक चाळून, हवं ते हातात धरून रांगेत पहिलं उभं राहायचं. ईस्टरच्या रविवारी आणि नाताळच्या दिवशी मोठी दुकानं बंदच. एरवीही गावातली दुकानं पाच-साडेपाचला शटर ओढतात. दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्या शहरातून गेलेल्या माणसांनी यावर तक्रार करू नये.

रेल्वेचं तिकीट महाग, हे खरंच. त्यावर उपाय आहे. दोघांनी मिळून जायचं असेल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा. दोघांत एकच कार्ड, २०२५ पासून वर्षाला ३५ पौंड, आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. शनिवार-रविवारी कुठल्याही वेळी चालतं, इतर दिवशी सकाळी साडेनऊनंतर. अट एवढीच की कार्डावरच्या दोघांनी एकत्रच प्रवास करायचा. त्यामुळे सकाळी चहावरून वाजलं असलं तरी गाडीत शेजारी बसावं लागतं. साठी उलटली असेल तर सीनियर रेलकार्ड एकेकट्याचंही मिळतं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवतात, म्हणून लांबचा पल्ला शनिवारी ठेवा आणि रविवार जवळपास काढा. मोठ्या स्टेशनांवरची स्वच्छतागृहं २०१९ पासून फुकट आहेत, हे आमच्या वयाच्या माणसांना रेलकार्डाइतकंच महत्त्वाचं.

चॅरिटी शॉपबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण तिथे आपल्या बायका दारातूनच परततात. 'लोकांनी टाकलेले कपडे कसले घ्यायचे?' बोहारणीला जुनी साडी देऊन पातेलं घेणारी आपण माणसं. जुना कपडा घरात आणायचा, हे उलटंच वाटतं. पण तिथली तऱ्हा निराळी आहे. लोक कपडे संस्थेला दान देतात, दुकानात बरेचदा स्वयंसेवक बसतात, आलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च, बर्नार्डोज ही नावं जवळपास प्रत्येक बाजाररस्त्यावर दिसतील. तिथे कुणी गरीब म्हणून जात नाही. आमच्या लेकीच्या ऑफिसातल्या वरच्या पदावरच्या बाई हौसेने जातात आणि काय मिळालं ते सोमवारी सगळ्यांना दाखवतात.

युक्ती अशी की श्रीमंत वस्तीतलं दुकान गाठायचं. ज्या गावात लोक चांगलं कापड घालतात, तिथे दानही चांगलंच येतं. रेडिंगहून थेम्सच्या काठाने हेन्ली जवळ आहे, बोटींच्या शर्यतींचं गाव. नदीकाठी फिरा, बाकावर बसून दशम्या खा, मग चॅरिटी शॉप बघा. लंडनमध्ये असाल तर साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम बघायचं. प्रवेश फुकट, आणि टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ याच म्युझियमच्या संग्रहातला. जुन्या पोशाखांची शिलाई डोळे भरून पाहिली की चालत चेल्सीकडे उतरायचं, तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये. ऑक्सफर्डला गेलात तर ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅमचं १९४० च्या दशकात सुरू झालेलं दुकान आहे, आणि जवळच अ‍ॅशमोलियन म्युझियम, १६८३ पासूनचं, तेही फुकट. ही दुकानं रविवारी बरीच बंद असतात. म्हणून शनिवारी सकाळी.

कपडा हातात घेतल्यावर आधी आतली चिठ्ठी वाचा: लोकर किती टक्के, नायलॉन किती. मग तो उजेडासमोर धरा, कसरीची भोकं लगेच दिसतात. काखेत, कॉलरला आणि बाह्यांच्या टोकांना डाग किंवा झिजलेलं बघा. चेन दोनदा खाली-वर करा. अस्तर उसवलं असेल तर चिंता नाही, आपल्या गल्लीतला शिंपी तासाभरात टाका घालतो; लोकर आटली असेल तर मात्र काही होत नाही, तसाच ठेवा. स्कार्फ, पर्स, कोट, काश्मिरी लोकरीचे स्वेटर जरूर घ्या. दुसऱ्याच्या पायाला वळलेले बूट मी घेत नाही.

आणि कोट पुण्याला आणू नका. कुठे घालणार, एफसी रोडला? तिथे असेपर्यंत वापरा, निघायच्या आधी स्वच्छ करून त्याच दुकानात देऊन टाका. लेक तिथे आयकर भरत असेल तर दान तिच्या नावाने द्या. 'गिफ्ट एड'मुळे संस्थेला सरकारकडून पौंडामागे २५ पेनी वर मिळतात.

यांचं आवडतं ठिकाण स्विंडन, आणि गंमत म्हणजे माझंही. ग्रेट वेस्टर्न रेल्वे इथे आपली इंजिनं बांधायची. कारखाना १९८६ साली बंद पडला, आणि त्याच विटांच्या शेडमध्ये आता मोठ्या ब्रँडचं आउटलेट, म्हणजे सवलतीचा बाजार आहे. डोक्यावर जुने लोखंडी खांब आणि तुळया, खाली जॅकेटांचे रॅक. शेजारीच 'स्टीम' नावाचं रेल्वेचं म्युझियम. त्याला तिकीट आहे, पण यांना एकदा आत सोडलं की मला तीन तासांची निश्चिंती. बाहेर आल्यावर कुठल्या इंजिनाची चाकं किती फुटांची हे ऐकून घ्यावं लागतं, तेवढं चालतं. आउटलेटमध्ये बूट, जॅकेट, बॅगा बघाव्यात. सगळाच माल उरलेला नसतो, काही आउटलेटसाठीच वेगळा बनवतात. त्यामुळे 'मूळ किंमत अमुक' या खोडलेल्या आकड्यावर जाऊ नका, शिवण बघा.

बिस्टर व्हिलेज या महागड्या ब्रँडच्या आउटलेटबद्दल सगळे विचारतात. लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनहून थेट गाडी जाते, स्टेशनलाच त्याचं नाव आहे. तिथे सूट दिल्यावरही पर्सची किंमत ऐकून मला पाणी प्यावंसं वाटलं. एकदा बघायला जा, कॉफी प्या, परत या.

बर्मिंगहॅमला मात्र पूर्ण शनिवार द्या. २०१९ साली उघडलेलं प्रायमार्क, म्हणजे स्वस्त कपड्यांचं दुकान, तिथे आहे, पाच मजली, जगातलं सगळ्यात मोठं. मोजे, थर्मल, पायजमे, नातवंडांचे कपडे एका फेरीत होतात. तिथून चालत बुल रिंगच्या रॅग मार्केटला जा. कापडाचे ठाण, लेस, बटणं, आणि गाळेवाल्यांची आरडाओरड. मला तिथे रविवार पेठेत आल्यासारखंच वाटलं. रॅग मार्केट रविवारी बंद असतं.

घासाघीस केल्याशिवाय चैन पडत नसेल तर रविवारी सकाळी कार बूट सेलला जा. एखाद्या शेतात लोक गाडीची डिकी उघडून घरातलं सामान मांडतात, आपल्या जुन्या बाजारासारखंच, फक्त पायाखाली ओलं गवत. लवकर गेलं तर माल चांगला, उशिरा गेलं तर भाव चांगला. आवराआवर सुरू झाली की परत न्यायचा कंटाळा आलेला असतो. सुटी नाणी न्या, कार्ड सगळीकडे चालत नाही. 'बेस्ट प्राइस?' एवढं हसून विचारायचं. तिथे 'राहू दे मग' म्हणून पाठ फिरवलीत तर मागून कुणी हाक मारत नाही.

कर परत मिळण्याच्या गोष्टी अजून सोसायटीत सांगितल्या जातात. विसरा. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडमध्ये पर्यटकांनी खरेदी करून सोबत नेलेल्या मालावर व्हॅट परत मिळत नाही. मोठ्यांच्या कपड्यांच्या किमतीत तो वीस टक्के धरलेलाच असतो, लहान मुलांच्या कपड्यांवर मात्र नाही. माझ्यासारखी जेमतेम पाच फुटी बाई असेल तिने १२-१३ वर्षांच्या मुलांच्या विभागात रेनकोट आणि जॅकेट बघावं. कुणी वय विचारत नाही. बुटांचा नंबर आपल्याकडे असतो तोच, कारण आपणही ब्रिटिश मापच वापरतो. ड्रेसचा मात्र ८, १०, १२ असा वेगळा हिशेब. दुकानागणिक फरक पडतो, अंगाला लावूनच घ्या.

पुण्यात मिळतं ते तिथून आणू नका. विमाननगरच्या मॉलमध्ये असलेल्याच दुकानाचा टी-शर्ट लंडनहून वाहून आणायचा आणि आत 'मेड इन इंडिया' वाचायचं, यात काय अर्थ आहे?

राहिली परतीची गोष्ट. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे काउंटरवर जायला संकोच वाटतो. माल सदोष निघाला तर ३० दिवसांच्या आत पूर्ण पैसे परत मागायचा कायद्याने हक्क आहे. नुसतं आवडलं नाही म्हणून दुकान बांधील नसतं, तरी बरीच दुकानं पावती आणि टॅग असेल तर घेतात. मुदत पावतीवर छापलेली असते. ऑनलाइन मागवलेलं असेल तर हातात पडल्यापासून १४ दिवसांत रद्द करता येतं. ही मुदत आणि आपल्या विमानाची तारीख दोन्ही एकदम बघा. शेवटच्या आठवड्यात घेतलेलं परत करायचं काम लेकीवर सोडून येऊ नका. ती 'हो आई' म्हणते आणि करत नाही.