अ‍ॅक्रेलिकचा आरसा लावायचाय? आधी ही तयारी करा

अ‍ॅक्रेलिकच्या आरशाला काचेची वागणूक दिली की तो फसतो. हा असतो प्लास्टिकचा, काचेच्या निम्म्या वजनाचा, सहजी न फुटणारा. पण मऊ, वाकणारा आणि उष्णतेने चांगलाच फुगणारा. चार फुटांची शीट २० अंशांच्या फरकाने साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटर वाढते. त्याला हलायला जागा ठेवायची, हे आधी मनात पक्कं करा.

पहिल्यांदा भिंत बघा. ठाण्यात काय नि नेरूळ-वाशीत काय, नैर्ऋत्येकडच्या बाहेरच्या भिंतीला पावसाचा मारा बसतो. तिथे पोपडे धरत असतील तर आरसा आतल्या भिंतीवर न्या. मग तीन फुटांची सरळ पट्टी भिंतीवर टेकवून बाजूने टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड आला तर प्लास्टरला पोट आहे, आणि तेच पोट आरशातल्या चेहऱ्याला येणार. अशा ठिकाणी आधी १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय बसवा, त्याच्या कडांनाही प्रायमर लावा.

शीट दोन फुटांपर्यंत ३ मिमीची चालते, त्याहून मोठ्या आरशाला ५ मिमीचीच घ्या. आठ बाय चारची अख्खी शीट इमारतीच्या लिफ्टमध्ये मावणार नाही, तेव्हा मोठे काप दुकानातच करून घ्या. माप घेताना प्रत्येक बाजूला अर्धा सूत (साधारण दीड मिलिमीटर) कमी धरा. समोरची प्लास्टिकची फिल्म शेवटपर्यंत काढू नका, खुणा तिच्यावरच मार्करने करा. मात्र शीट महिनोन्‌महिने गॅलरीच्या उन्हात ठेवू नका, फिल्म चिकटून बसते.

३ मिमीच्या सरळ कापाला आकड्याच्या टोकाचा अ‍ॅक्रेलिक कटर आणि स्टीलची पट्टी पुरे. पट्टी दोन क्लॅम्पने आवळा आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने आठ-दहा वेळा ओढा. जोर लावलात की टोक रेघ सोडून पळतं. पांढरी दोऱ्यासारखी कात निघत राहिली तर हात बरोबर चाललाय. चर साधारण एक मिलिमीटर खोल झाला की तो वर ठेवून टेबलाच्या कडेवर एका दमात खाली दाबा. अर्धवट चरावर मोडलेली शीट कुठेही फाटते. गोल कापाला जिगसॉ (वर-खाली हलणाऱ्या पात्याची विजेवरची करवत), बारीक दातांचं पातं आणि कमी स्पीड. स्पीड वाढला की अ‍ॅक्रेलिक वितळतं आणि पात्यामागे काप पुन्हा जुळतो. कडेवर कानस मागच्या रंगाकडून समोर चालवा. उलट चालवली तर रंग उचलला जातो, आणि आरसा काळा पडायला तिथूनच सुरुवात होते. मग २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर.

सगळ्यात जास्त शीट भोकं पाडतानाच वाया जातात. लोखंडात भोक पाडायचं धारदार बिट अ‍ॅक्रेलिकमध्ये स्क्रूसारखं घुसतं आणि पलीकडे निघताना तडा देतं. म्हणून स्टेप बिट (पायऱ्यापायऱ्यांचं निमुळतं बिट) घ्या, किंवा साध्या बिटाची कापणारी धार ऑइलस्टोनवर थोडी बोथट करा. खाली एमडीएफचा तुकडा घट्ट आवळा, हॅमर मोड बंद ठेवा, मधून मधून बिट बाहेर काढून थंड होऊ द्या. ४ मिमीच्या स्क्रूला भोक ७ मिमीचं आणि कडेपासून किमान एक इंच आत. आधी दोन भोकं उरलेल्या तुकड्यावर पाडून पाहा.

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत भिंती बऱ्याचदा काँक्रीटच्या असतात, तिथे रोटरी हॅमरशिवाय रावलप्लगचं (भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचं) भोक होत नाही. तो आधीच मागवून ठेवा आणि सोसायटीची दुपारची शांततेची वेळ टाळा. स्क्रूच्या डोक्याचं बूड चपटं हवं, खाली नायलॉनचा वॉशर. निमुळत्या डोक्याचा स्क्रू पाचरीसारखा बसून शीट चिरतो. वॉशर बोटाने जेमतेम फिरेल इतपतच आवळा.

चिकटवायचा असेल तर सिलिकॉनच्या नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलंय ना ते बघून घ्या. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन मागचा अ‍ॅल्युमिनियमचा थर खातं, आणि फेविकॉलच्या दुकानात मिळणारं रबर सोल्युशन रंग विरघळवतं. उभ्या रेघांत लावा म्हणजे हवा खेळेल, आणि २४ तास मास्किंग टेपचा आधार ठेवा. पुसायला मऊ सुती फडकं आणि भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी तयार ठेवा. थिनर, स्पिरिट किंवा अमोनियाचा काच-क्लीनर लागला तर कडेपासून बारीक भेगांचं जाळं उठतं, आणि ते पुन्हा जात नाही.