ग्रीक भाषेत गाढवाला काय म्हणतात? शब्द पक्का करायची रीत

ग्रीक शिकायला बसलात तर प्राण्यांमध्ये पहिलं गाढव घ्या. आजच्या ग्रीकमध्ये गाढव म्हणजे 'ग़ाइदूरी'. कानाला आपल्या शब्दाच्या इतकं जवळ, की पाठांतराचं निम्मं काम तिथेच उरकतं.

आधी उच्चार. हा 'ग' आपला नव्हे. 'ग़ज़ल' नीट म्हणणाऱ्याच्या घशातून घासून येतो, तो. 'द' म्हणताना जीभ दातांमागे टेकवू नका. दोन्ही दातांच्या फटीत हलकेच ठेवा आणि हवा जाऊ द्या, इंग्रजी 'दॅट' म्हणताना ठेवतात तशी. जोर 'दू'वर: ग़ाइ-दू-री.

मग हाताने लिहा: गामा, आल्फा, योटा, डेल्टा, ओमिक्रॉन, उप्सिलॉन, ऱ्हो, योटा. आठ अक्षरं. ओमिक्रॉन आणि उप्सिलॉन मिळून 'ऊ' होतो. जोराची तिरपी खूण उप्सिलॉनवर येते, आणि पहिल्या योटावर दोन टिंबं. ही टिंबं गाळलीत तर आल्फा-योटाचा 'ए' होतो, त्याच्या आधीचा गामा 'य'सारखा वाजतो आणि तुमचं गाढव 'येदूरी' होऊन बसतं!

लिंगाच्या बाबतीत मराठी माणसाची चैन आहे. आपलं ते गाढव, त्यांचंही नपुंसकलिंगीच. फक्त त्यांचं नपुंसकलिंगी उपपद 'तो' आहे: 'तो ग़ाइदूरी'. आपल्या 'तो'ने फसू नका. अनेकवचन 'ता ग़ाइदूर्या'. नराला वेगळा शब्दही आहे, 'ओ ग़ाइदारोस'. तिथे जोर उडी मारून पहिल्या अक्षरावर जातो. जुन्या ग्रीकमधला 'ओनोस' तूर्त बाजूला ठेवा, बाजारात तो कामाचा नाही.

शब्द वापरायला जागा हवी असेल तर इद्रा बेट आठवा, ज्याला आपण हायड्रा म्हणतो. तिथे खासगी मोटारींना बंदी; बंदरावरून सामान वाहायला खेचरं आणि गाढवं. मात्र माणसाला हा शब्द लावताना जपून. आपल्याकडे 'अरे गाढवा' म्हणजे मूर्खा, त्यात कधी मायाही असते. ग्रीकमध्ये ग़ाइदूरी म्हणजे उद्धट, रांगेत घुसणारा.

शेवटी एक म्हण घ्या, शब्द कायमचा चिकटेल. काम संपत आलं, थोडंच उरलं, की ग्रीक म्हणतात: गाढव खाल्लं, शेपूट राहिलं. आपल्याकडे त्याच जागी हत्ती गेलेला असतो.