वनहक्क दाव्याची फाईल प्रांत कार्यालयात नेण्यापूर्वी

नांदेड जिल्ह्याच्या किनवट आणि माहूर भागातील ज्या गावांचे वैयक्तिक वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्काचे, दावे अजून दाखल व्हायचे आहेत किंवा त्रुटी काढून परत आलेले आहेत, त्या गावांच्या वनहक्क समित्यांसाठी ही तयारी लिहीत आहे. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि छायाचित्रे यांविषयी काही सांगत नाही. ती लोक स्वतःहून आणतात आणि राहिली तर पहिल्याच दिवशी समजते. सर्वांत आधी ग्रामसभेचा हजेरीपट पाहावा. मागच्या खेपेला मोजणी, नकाशे, वृद्धांचे जबाब असे सारे जागच्या जागी असताना गावाची फाईल परत आली ती हजेरीपटामुळे. एखाद्या दाव्याला पुरावा कमी पडला तर तेवढाच दावा अडतो. परंतु ग्रामसभेचा ठराव सदोष ठरला, तर त्या ठरावात बसवलेले झाडून सगळे दावे एकदम खाली येतात.

नियम स्पष्ट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत ६ सप्टेंबर २०१२ रोजी दुरुस्ती झाली. तेव्हापासून ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर असावे लागतात, हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात आणि दाव्यांवर ठराव होणार असेल तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी सभेला असावे लागतात. गावात ४०० प्रौढ असतील तर २०० हजर हवेत, त्यांत ६७ बाया हव्यात, आणि दावे ६० असतील तर ३० दावेदार हवेत. या तिन्ही अटी वेगवेगळ्या आहेत. एक पुरी झाली म्हणून दुसरी सुटत नाही. पंचायतीच्या नेहमीच्या सभांना याहून पुष्कळ कमी माणसे चालतात, त्यामुळे ग्रामसेवकाच्या हाताला तीच सवय असते. त्याच्या सवयीवर विसंबू नये.

सभेची वेळ ठरवणे हे तयारीतले सर्वांत अवघड काम आहे. दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की दुपारी गावात बाई सापडत नाही, आणि बाजारच्या दिवशी पुरुष सापडत नाहीत. म्हणून सभा संध्याकाळी, वेचणीवरून परतल्यावर ठेवावी आणि दवंडी गुडा, पोड, तांडा अशा प्रत्येक वस्तीवर वेगळी द्यावी. हजेरीपटावर स्त्री आणि पुरुष असा स्वतंत्र रकाना आखावा आणि दावेदारापुढे तशी खूण करावी. नावे पूर्ण लिहावीत. नुसती आद्याक्षरे आणि आडनाव असले की सही बाईची की पुरुषाची हे कार्यालयात बसून वाचणाऱ्याला कळत नाही, आणि न कळलेली सही तो मोजत नाही. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि साक्षीदाराची सही घ्यावी. सभा उठण्यापूर्वी तिन्ही आकडे मोजून इतिवृत्तात लिहावेत. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून सह्या गोळा करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तो खोटेपणा तर आहेच, शिवाय एखाद्याने तक्रार केली की तो लपत नाही.

आता पुरावे. १३ डिसेंबर २००५ रोजी जमीन ताब्यात आणि कसणुकीखाली होती हे दाखवायचे आहे आणि मागणी प्रत्यक्ष कसत असलेल्या क्षेत्रापुरतीच, जास्तीत जास्त ४ हेक्टर, म्हणजे सुमारे १० एकरांपर्यंत करायची आहे. नियम १३ मध्ये पुराव्यांची लांबलचक यादी आहे आणि त्यांपैकी किमान दोन लागतात. वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या अनेकांनी भीतीपोटी फाडून टाकल्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जपून ठेवाव्यात, कारण अतिक्रमणाबद्दल झालेला दंडच ताब्याचा दाखला ठरतो. बांध, विहीर, जुनी झाडे, देवस्थान आणि पूर्वजांच्या समाधी यांचा पंचनामा करावा. दावेदाराखेरीज अन्य वृद्धाचा लेखी जबाब हाही पुरावाच आहे. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, कारण ते चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरायचे आहे, त्यांच्या जागी नव्हे.

आंध, गोंड, कोलाम, परधान यांच्या दाव्यासोबत जमातीचा दाखला लागतो. बंजारा कुटुंबांची वाट वेगळी आहे. शेजारच्या तेलंगणात त्यांची गणना अनुसूचित जमातीत होते, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणून येथे त्यांना इतर पारंपरिक वननिवासी, म्हणजे अनुसूचित जमातीबाहेरचे वननिवासी, म्हणूनच दावा करावा लागतो आणि २००५च्या त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. ही ७५ वर्षे वनावर अवलंबून असलेल्या वास्तव्याची आहेत, त्या विशिष्ट तुकड्याच्या ताब्याची नव्हेत. हे अधिकाऱ्यालाही पुष्कळदा सांगावे लागते. न चिडता सांगावे. किनवटचा मुलूख १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे जुना कागद उर्दूत असू शकतो आणि त्याचा शोध आदिलाबादलाही घ्यावा लागतो. संस्थानी अभिलेख नियमांनुसार पुरावा म्हणून चालतात. १९४०च्या कुमराम भीम यांच्या उठावानंतर निजाम सरकारने त्या जिल्ह्यातील आदिवासींना लावणी पट्टे दिले होते. असा पट्टा एखाद्या घरच्या पेटीत निघाला, तर तो साधा पुरावा म्हणून फाईलला टाचू नये, कारण वनजमिनीवरील जुन्या पट्ट्याचे मालकीपत्रात रूपांतर हा कायद्यात स्वतंत्र हक्क आहे.

स्थळपाहणीची लेखी सूचना वन आणि महसूल या दोन्ही खात्यांना द्यावी आणि पोच घ्यावी, तोंडी निरोप देऊ नये. ते आले तर पाहणीच्या कागदावर त्यांची सही, हुद्दा आणि तारीख घ्यावी. न येता वनखात्याने नंतर गैरहजेरीचीच हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीला येतो, आणि दुसऱ्या वेळीही कोणी फिरकले नाही तर पाहणीबाबतचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम राहतो. परंतु हे सारे पोच हाती असेल तरच. पाहणीनंतर समितीचा अहवाल पुन्हा ग्रामसभेपुढे जातो, आणि त्या सभेलाही तीच गणपूर्ती लागते. पहिल्या सभेचा हजेरीपट नीट झाला म्हणून या सभेत ढिलाई होते, आणि दाव्याला मंजुरी देणारा ठराव तर याच सभेचा असतो. निम्मे सदस्य, एकतृतीयांश बाया, निम्मे दावेदार: पुन्हा मोजावे, पुन्हा लिहावे.

पुढचे थोडक्यात. फाईलच्या प्रत्येक पानावर क्रमांक घालावा, हजेरीपटाची साक्षांकित प्रत ठरावाच्या लगेच मागे लावावी आणि संपूर्ण फाईलची एक प्रत गावात ठेवावी. नामंजुरी झाल्यास कारणांसह लेखी कळवणे उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीवर बंधनकारक आहे. ते पत्र मागून घ्यावे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जाण्याची मुदत प्रत्येकी ६० दिवसांची आहे. अनुसूचित क्षेत्रातील गावांना २०२०पासून त्यापुढे विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडेही अपील करता येते. नामंजुरी निमूटपणे स्वीकारू नये: १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो स्थगित झाला म्हणूनच पुढचे टळले. वनहक्काचा पट्टा मिळाल्यावर त्यावर पतिपत्नी दोघांची नावे, क्षेत्र आणि चतुःसीमा तेथेच वाचून पाहाव्यात, आणि हा पट्टा वारसाकडे जातो पण विकता येत नाही हे घरातील मुलांना सांगून ठेवावे.