जुन्या स्मिथ अँड वेसनची झीज: आधी मोजा, मग पेच खोला

अमेरिकेत सेकंडहँड मिळणाऱ्या रिव्हॉल्व्हरांत स्मिथ अँड वेसनची के-फ्रेम, म्हणजे मध्यम आकाराच्या सांगाड्याची रिव्हॉल्व्हर, हमखास दिसते. १८९९ मध्ये 'मिलिटरी अँड पोलीस' म्हणून आलेलं आणि १९५७ पासून 'मॉडेल १०' म्हणवलं जाणारं ३८ स्पेशल हे तिचं सर्वांत ओळखीचं रूप. पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षं लटकलेली ही हत्यारं वरून घासलेली आणि आतून बहुधा ठणठणीत असतात. काही मात्र खरोखर झिजलेली असतात. कोणता भाग झिजलाय हे पेच न खोलताही बरंचसं कळतं, आणि आधी तेच करायचं.

भारतातल्या वाचकांसाठी महत्त्वाचं: शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विक्रीसारखीच शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. हत्यार बाळगण्याचा परवाना म्हणजे ते खोलून दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. इथे खालची तपासणी उपयोगी पडेल ती परवानाधारक कारागिराला दोष नेमका सांगायला. खोलण्याचा भाग, जिथे मालकाला कायद्याने मुभा आहे तिथल्यासाठी.

सिलिंडर उघडा, सहाही कप्पे डोळ्यांनी बघा, मग बोट घालून चाचपा. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढची प्रत्येक तपासणी रिकाम्या हत्यारावर किंवा डमी काडतुसांवर, नळी सुरक्षित दिशेला धरून करायची.

झीज वाटते, पण नसते

सिलिंडर घट्ट फिरतोय, मध्येच अडकतोय, चाप जड लागतोय, असं असेल तर आधी इजेक्टरची चांदणी, म्हणजे सिलिंडरमागची पुंगळ्या बाहेर ढकलणारी चकती, वर उचला आणि तिच्याखाली बघा. न जळलेल्या दारूचा एखादा कण तिथे बसला की चांदणी केसभर वर राहते आणि मागच्या पोलादी भिंतीला घासते. कोरड्या टूथब्रशने चांदणीची खालची बाजू आणि सिलिंडरमधली तिची बैठक साफ करा. तेल घालू नका, तेलाने कण आणखी चिकटून बसतात.

दुसरा संशयित इजेक्टर रॉड, म्हणजे चांदणीला ढकलणारा दांडा. तो थोडा उलगडला की लांबी वाढते, पुढच्या टोकाला अडतो आणि सिलिंडर उघडतच नाही. साधारण १९६० च्या आसपास कंपनीने त्याचे आटे उलटे केले, त्यामुळे जुन्या हत्यारात सरळ आटे आणि नंतरच्यांत डावे. कुठले आहेत हे पाहिल्याशिवाय जोर लावू नका. कसताना कप्प्यांत रिकामी पुंगळी घाला. नाहीतर सगळा पीळ चांदणीच्या बारीक पिनांवर येतो आणि त्या वाकतात.

तिसरा मुठीच्या पुढच्या पट्टीतला खालचा स्क्रू. त्याला स्ट्रेन स्क्रू म्हणतात, आणि तो मुख्य चपट्या स्प्रिंगला ताण देतो. चाप हलका व्हावा म्हणून आधीच्या मालकाने तो ढिला केलेला किंवा घासून आखूड केलेला असतो. मग काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर खूण पडते, पण काडतूस उडत नाही. हा स्क्रू पूर्ण आवळलेला हवा, अर्धवट नाही. आखूड केलेला असेल तर नवा घाला. 'फायरिंग पिन झिजली' म्हणून आणलेल्या हत्यारांत खरा दोष बऱ्याचदा इथे निघतो.

सिलिंडर पुढे-मागे हलतोय

सिलिंडर बंद करून, घोडा खाली असताना, दोन बोटांत धरून पुढे-मागे ढकला. ही हालचाल, इंग्रजीत एंड शेक म्हणतात ती, मोजायला फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातींचा संच, लागतो. सिलिंडर मागे दाबून धरा आणि नळी व सिलिंडर यांच्या फटीत जाणारी सर्वांत जाड पात शोधा. मग सिलिंडर पुढे दाबून तेच करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे एंड शेक. एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश, चालतात. तीनच्या पुढे गेलं की दर बारामागे सिलिंडर फ्रेमवर आपटत राहतो आणि झीज स्वतःच वाढत जाते. फटीचा कामाचा पल्ला साधारण चार ते दहा थाऊ, आणि सहाच्या आसपास असेल तर उत्तम.

ही झीज कुठे होते? सिलिंडर ज्या पोकळ दांड्यावर फिरतो, त्या योकचं आतलं टोक सिलिंडरला पुढे सरकण्यापासून अडवतं. जोरदार दारूने आणि वर्षांनी ते टोक दबतं, आखूड होतं. उपाय म्हणून त्या टोकावर दोन थाऊ जाडीची पोलादी चकती घालतात, गरजेनुसार एक, दोन किंवा तीन. चकती बसण्याआधी टोक कटरने काटकोनात सपाट करायचं, नाहीतर ती एकाच कडेवर टेकते आणि काही शे बारांत चेपते.

इथे लोक एक गोष्ट विसरतात. चकती सिलिंडरला मागे ढकलते, म्हणजे उरणारी फट मागे दाबल्यावर मोजलेल्या आकड्याच्या जवळ जाते. समजा मागे दाबून नऊ थाऊ आले आणि पुढे दाबून चार. एंड शेक पाच. दोन चकत्या घातल्या की फट आठच्या आसपास स्थिरावते. ठीक आहे. पण मागे दाबूनच बारा येत असतील तर चकतीने खडखड जाईल आणि फट रुंद राहील. त्यातून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. तिथे नळी काढून मागे बसवावी लागते, आणि ते लेथ असलेल्या कारागिराचं काम आहे.

टायमिंग

घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर जागेवर येऊन कुलूप लागायला हवं. डमी काडतुसं भरून बघा, कारण रिकाम्या कप्प्यांत चांदणी किंचित वळते आणि चांगलं हत्यारही उशिराचं वाटतं. सिलिंडरवर एका बोटाने हलकासा अटकाव ठेवा आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढा. सिलिंडरला कुलूप लावणारी खालची खिट्टी त्याच्या खाचेत पडल्याचा 'टिक' आवाज घोडा अडकण्याच्या आधी यायला हवा. घोडा अडकला आणि सिलिंडर बोटाने आणखी सरकवल्यावर टिक झालं, तर तो कप्पा उशिरा येतोय. प्रत्येक कप्प्यावर पेन्सिलने आकडा टाकून सहाही तपासा आणि लिहून ठेवा. भराभर चाप ओढून हे कळत नाही, कारण सिलिंडर वेगाच्या झोकाने पुढे जाऊन दोष झाकतो.

आता नोंद वाचा. एक किंवा दोनच कप्पे उशिरा येत असतील तर चांदणीमागचे त्यांचे दात झिजलेत. सहाही येत असतील तर दात ढकलणारा 'हँड' झिजलाय, आणि तो बदलायचा. स्मिथ अँड वेसनमध्ये हँडची लांबी नव्हे, जाडी महत्त्वाची. शेवटच्या टप्प्यात तो दाताच्या बाजूने घसरत वर जातो आणि सिलिंडर जागेवर नेतो. म्हणून जाड हँड मिळतात ते घेतात आणि फ्रेमच्या खिडकीतून तो मोकळा सरकेल एवढाच बसवतात. जुन्या हँडचं टोक ठोकून लांब करणं, वर वेल्डिंगचा थेंब टाकणं हे टिकत नाही. वाढीव जाडीचा हँड बसवल्यावर एखादा कप्पा आवळून फिरू लागला, तर त्या एकाच दाताची बाजू बारीक दगडाने, एकेक घासणी करून तपासत कमी करायची. घासलेला दात परत येत नाही.

उशिरा येणारा कप्पा घेऊन बार काढायचा नाही. गोळी नळीच्या मधोमध न शिरता कडेला खरवडते, शिसं बाजूला उडतं आणि शेजारच्याला लागू शकतं. ३५७ मॅग्नमच्या मॉडेल १९ मध्ये आणखी एक जागा पाहायची: नळीच्या मागच्या टोकाचा खालचा भाग. योकला जागा करायला तो सपाट कापलेला असल्याने पातळ आहे. हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी तिथे चीर पडल्याची उदाहरणं आहेत. चीर दिसली तर नळी बदलणं एवढाच उपाय.

खिट्टी आणि घोडा

चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर डावी-उजवीकडे हलवा. थोडी खेळ इथे असतेच, जुन्या कोल्टसारखा तो घट्ट धरलेला नसतो. जास्त वाटली तर खिट्टी आणि खाच दोन्ही भिंगाखाली पाहा. वेगाने चाप ओढत राहिल्याने खाचेची कड फुगते. झटपट ओढल्यावर सिलिंडर खाच ओलांडून पुढे जात असेल तर पहिला संशय खिट्टीच्या स्प्रिंगवर. ती स्वस्त आहे, आधी तीच बदला.

आता रिकामं हत्यार घ्या, घोडा चढवा आणि अंगठ्याने मागून पुढे ठामपणे ढकला, चाप न दाबता. घोडा पडला तर हत्यार वापरातून बाजूला. घोड्याची, चाप जिथे अडकतो ती खाच दगडाने 'सुधारायची' नाही: वरचा कडक थर कागदाएवढा पातळ असतो, आणि तो गेला की खालचं मऊ पोलाद दोन दिवसांत पुन्हा गुळगुळीत होतं. घोडा आणि चाप दोन्ही नवे बसवून जुळवतात.

पेच खोलायचा तर

स्क्रूड्रायव्हर पोकळ घासलेल्या टोकाचा हवा, म्हणजे खाचेच्या दोन्ही भिंतींना समांतर टेकणारा. पाचरीसारखं साधं टोक खाच फाडतं. सायडप्लेटचे, म्हणजे फ्रेमच्या बाजूच्या झाकणाचे, स्क्रू कोणत्या भोकातले ते कागदावर चित्र काढून तिथेच टोचून ठेवा, पुढचा योकला धरणारा स्क्रू वेगळ्या जुळणीचा असतो. प्लेट खाचेत पाना घालून उचकटायची नाही. हत्यार आडवं धरून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने ठोका, ती आपोआप वर येते.

प्लेट निघाली की एक पातळ पट्टी खाली पडेल. ती हॅमर ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात 'व्हिक्टरी' मॉडेल पडून एका खलाशाचा जीव गेला, त्यानंतर कंपनीने ती हा नवा प्रकार म्हणून घातली. ती मध्ये असल्याने हत्यार पडलं तरी घोडा काडतुसापर्यंत पोहोचत नाही. जोडताना ती विसरून राहणारे आहेत, कारण तिच्याशिवायही हत्यार चालतं. परत बसवल्यावर चाप हळूहळू ओढत, घोड्याच्या पुढच्या फटीत ती सरकताना दिसते का ते पाहा.

आतले भाग काढण्याचा क्रम: मुख्य स्प्रिंग, घोडा, चापामागचा रिबाउंड स्लाइड, चाप आणि हँड, शेवटी खिट्टी. घोडा काढताना सिलिंडर उघडणारं बटण मागे धरून चाप ओढावा लागतो. स्लाइडमधली स्प्रिंग दाबलेली असते, उडाली की सापडत नाही. पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत हात घालून काम करा.

आणि प्लेट काढलेली असताना चाप ओढून घोडा आपटू देऊ नका. घोडा आणि चाप ज्या खुंट्यांवर फिरतात त्यांचं दुसरं टोक प्लेटमध्ये टेकलेलं असतं. आधार नसेल तर खुंटी मुळातून वाकते, आणि ती फ्रेममध्ये पक्की बसवलेली असते.

जोडल्यावर वरच्या सगळ्या तपासण्या पुन्हा, त्याच क्रमाने. मग चष्मा लावून, शेजारी कोणी नसताना, फटीच्या दोन्ही बाजूंना काही इंचांवर पांढरे पुठ्ठे उभे करून एकेक काडतूस, सहा कप्प्यांतून. पुठ्ठ्यावर काळपट धूर पसरलेला दिसणं अपेक्षित आहे. शिशाचे टोकदार तुकडे रुतलेले दिसले, तर कोणत्या कप्प्याच्या वेळी ते लिहा आणि टायमिंगच्या नोंदीशी ताडून पाहा.